शिंपीकाकांच्या दंडावर

मी रक्तदाबाचा पट्टा बोलतोय. बोलतोय कसला, धापा टाकतोय! फुगायचं, दंड आवळायचा, आकडा सांगायचा, सुटायचं. जरा टेकावं तर पुन्हा फुगायचं. कारखान्यातून आलो तेव्हा कोरा करकरीत होतो. आता कडेची शिवण उसवलीय. या हॉस्पिटलात माणसांना टाके घालतात, मला कोण घालणार?

आज सकाळी माझ्या वाट्याला शिंपीकाका आले. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबलेली, उजवा हात लुळा, वाचा गेलेली. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. मी डावा दंड आवळला. एकशे नव्वद!

"अगं बाई!" काकू किंचाळल्या. "गोळी द्या ना लवकर!"

"मुद्दाम देत नाही, काकू," सिस्टर म्हणाल्या. "तुंबलेल्या जागेच्या आसपास रक्त पोचायला आज जोर लागतो. फारच चढलं तर डॉक्टर बघतील. तुम्ही त्यांच्या तोंडात काही घालू नका."

काकूंनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. घरी आकडा चढला की अर्धी गोळी जिभेखाली, हा त्यांचा शिरस्ता.

दुपारी काकांचा तोच लुळा उजवा हात हळूहळू सरकत माझ्यापर्यंत आला आणि बोटं माझा सुटलेला दोरा चाचपू लागली. हाडाचा शिंपी! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! काकूंना मात्र नुसता आकडाच दिसत होता. सिस्टरची पाठ वळली तशी त्यांनी पर्समधली गोळी काकांच्या जिभेखाली सरकवली.

मी ओरडणार कसा? मला फक्त आवळता येतं. थोड्या वेळाने आकडा धाडकन उतरला.

"बघा, झाला की नाही नॉर्मल!" काकू हरखल्या. तेवढ्यात काकांचा हात दोऱ्यावरून घसरून गादीवर पडला.

सिस्टर धावत आल्या. "काही दिलंत का?"

काकूंचा चेहरा पांढराफटक. "अर्धीच दिली हो... त्यांच्या भल्यासाठीच."

मेंदूकडे रक्त जावं म्हणून डोक्याखालची उशी काढली, सलाईन वाढवलं, डॉक्टर आले. तेव्हापासून मला क्षणाची उसंत नाही. "वाढ रे बाबा, वाढ!" काकू माझ्याकडे बघून पुटपुटताहेत. जन्मभर लोकांनी 'कमी हो' म्हणूनच विनवलं मला. हे पहिल्यांदाच ऐकतोय.

आकडा चढलाय. हात अजून हललेला नाही. लोकहो, माझं ऐका, पण नुसतं माझंच नको. दंडाच्या मालकाकडेही बघा.

काकूंनी तो हात उचलून माझ्या शिवणीवर आणून ठेवलाय. "अहो, हा दोरा बघा ना, किती वाईट दिसतोय," त्या म्हणताहेत.

मी पुन्हा फुगतोय. ओढा काका, ओढा! सगळी शिवण उसवली तरी चालेल.