भांडणाचं घड्याळ

क्लबात त्याला सगळे 'कंजूष' म्हणत. पैशाच्या बाबतीत तो तसा नव्हता. चहा खुशाल पाजायचा. त्याचा हात आखडायचा तो वेळ खर्च करताना. बुद्धिबळाच्या डावात पटाशेजारी दोन तबकड्यांचं लाकडी घड्याळ ठेवलेलं असतं. दोघांना सारखा वेळ. आपली खेळी झाली की आपल्या बाजूचा खटका दाबायचा, म्हणजे आपला काटा थांबतो आणि समोरच्याचा चालू होतो. वेळ संपला की तबकडीवरची छोटी लाल झेंडी पडते, आणि ज्याची झेंडी पडली तो हरला. मग पटावर त्याचा वजीर का थयथयाट करत असेना. बाकीचे लोक सुरुवातीला ऐसपैस विचार करत बसायचे आणि शेवटी त्यांची त्रेधा उडायची. घोडा म्हणून उंट उचलला जायचा. याचं असं कधी झालं नाही. हा साधीशी, अंगाशी न येणारी खेळी करायचा, खटका दाबायचा आणि समोरच्याचा काटा पळत असताना फुकटात विचार करायचा. पटावर हरत आलेले कितीतरी डाव त्याने असे घड्याळावर जिंकले होते.

क्लबातले निवृत्त पोस्टमास्तर त्याला म्हणायचे, "अरे, तू मेलास ना, तरी तुझ्या घड्याळात अर्धा तास शिल्लक निघेल. तेवढा माझ्या नावावर करून जा."

तो हसायचा. त्याला ती स्तुती वाटायची, हेच तर खरं दुखणं होतं.

बायकोही त्याला क्लबातच मिळाली. ती माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. कामात कमालीची काटेकोर, पण पटावर बसली की उधळी. त्यांच्या पहिल्याच डावात तिचा एक हत्ती जास्त होता आणि याचा राजा उघडा पडला होता. मध्येच तिला काहीतरी सुंदर दिसलं आणि ती दोन्ही हातांत डोकं धरून बसली ती बसलीच. हा पाणी पिऊन आला, खिडकीतून रस्ता बघून आला. शेवटी त्याने हळूच म्हटलं, "झेंडी." दुसरी कुणी असती तर पट उधळून निघून गेली असती. ती म्हणाली, "थांब रे, काय होतं ते दाखवते तुला." तिने सगळी मोहरी पुन्हा मांडली आणि दाखवलं. वजीर देऊन टाकायचा, आणि मग कोपऱ्यातल्या घोड्याने मात. याला त्यातलं काहीसुद्धा दिसलं नव्हतं. जिंकला तो होता, आणि आ वासून बघतही तोच बसला होता. वर्षाच्या आत त्यांनी लग्न केलं.

संसार म्हटला की भांडणं आली. यांची भांडणं सुरुवातीला चारचौघांसारखीच होती, म्हणजे दोघंही एकाच वेळी बोलायचे आणि ऐकायचं कुणीच नाही. एकदा पंखा किती जोरात लावायचा यावरून सुरू झालेलं भांडण, तिच्या मावसभावाच्या लग्नातून आधी कोण निघालं, इथवर पोचलं. तेव्हा हा उठला, कपाटातलं बुद्धिबळाचं घड्याळ आणून त्याने जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि जाहीर केलं, "एकेकाने बोलायचं. जो बोलतोय त्याचा काटा चालू. बोलून झालं की खटका. झेंडी पडली की तोंड बंद."

तिला इतकं हसू आलं की ते भांडण तिथेच मेलं.

पण घड्याळ टेबलावर राहिलं, आणि सुरुवातीला त्याचा उपयोगही झाला. मध्येच "खोटं! साफ खोटं!" असं ओरडायची सोय उरली नाही. "पाणी पिऊन येते, माझं थांबव," म्हणून ती उठायची आणि परत येईपर्यंत निम्मा राग ओसरलेला असायचा. सासूबाई राहायला आल्या तेव्हा त्यांनी शेजारणीला कौतुकाने सांगितलं, "आमच्या जावयांचा आवाज म्हणून कधी ऐकला नाही हो मी."

आवाज कसा ऐकू येणार? जावईबापूंनी एव्हाना आपला क्लबातला डाव घरात आणला होता. ती बोलायची, मन मोकळं करून, आडवळणं घेत, मध्येच स्वतःची चूक कबूल करत. हा एकच वाक्य बोलायचा, "तुला असं वाटतं तर वाटो," आणि खटका दाबायचा. पुन्हा तिची पाळी. ती आणखी समजावून सांगायची. हा म्हणायचा, "बरं, मग?" आणि खटका. करता करता तिची झेंडी पडायची. मग याच्यापाशी उरलेला असायचा भलामोठा वेळ, आणि समोर नियमाने गप्प बसलेली बायको. तेव्हा हा घसा साफ करून मुद्देसूद बोलायचा. तिला उत्तर द्यायची मुभा नसायची. सगळी भांडणं हाच जिंकायचा. या माणसाला त्यात काही वावगं वाटू नये, याला काय म्हणावं! नियम तर त्याने एकही मोडला नव्हता.

त्याच्या धंद्यानेही त्याला हीच सवय लावली होती. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर काच धरायची, "हे बरं, की हे?" विचारायचं आणि ते सांगेल तशी पुढची काच घालायची. आपण होऊन सांगायचं असं त्यात काहीच नसतं.

ती काही बावळट नव्हती. हळूहळू तीही आवरतं घेऊ लागली. दोन वाक्यं आणि खटका. पुढे एक वाक्य आणि खटका. पुढे पुढे तर दोघंही समोरासमोर बसायची आणि नुसतेच खटके वाजायचे. एक दिवस तिने घड्याळ उचललं, पुसलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्याला वाटलं, चला, भांडणं संपली. खरं म्हणजे बोलणं संपलं होतं. दूध आणलं का, दिवा बंद कर, किल्ली घेतलीस ना, एवढ्यावर घर चालू लागलं, आणि याला ती शांतता सुखाची वाटत होती.

मग तिला बढती आली. दुसऱ्या शहरात नवी प्रयोगशाळा उघडत होती आणि तिची प्रमुख म्हणून साहेबांना हीच हवी होती. रविवारी संध्याकाळपर्यंत साहेबांच्या घरी फोन करून काय ते कळवायचं होतं. सोमवारी तिने हे जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "अरे वा!" आणि पोळीचा पुढचा तुकडा मोडला. ती उठून ताट धुवायला गेली.

आतून मात्र तो हादरला होता. मंगळवारी त्याने एका बाईच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवली. बायको गेल्यावर रिकामं घर कसं वाजेल, हे त्याला दुकानात बसल्या बसल्या ऐकू यायला लागलं. तिने तरी हातची संधी का सोडावी, हेही त्याला पटत होतं. शेवटी शुक्रवारी, शटर ओढताना, त्याचं ठरलं. आपणच तिच्याबरोबर जायचं. दुकान विकायचं. डोळे काय, तिकडच्या माणसांनाही असतात. त्याला इतकं हलकं वाटलं की घरी येताना तो चक्क शीळ वाजवत आला.

दार उघडताच तिला सांगून टाकावं की नाही? पण नाही. सांगेल तर तो कंजूष कसला! आधी ती काय बोलते ते ऐकू, तिचं सगळं बोलून होऊ दे, मग शेवटी आपण हे सांगू, म्हणजे तिला किती आनंद होईल, असा त्याने हिशोब केला. शनिवारही त्याने तसाच घालवला.

रविवारी दुपारी ती टेबलापाशी बसली होती. समोर घड्याळ. कपाटातून तिने स्वतःच काढलं होतं. त्याच्या तबकडीवर अर्धा तास लावला होता, आणि स्वतःच्या तबकडीवर जेमतेम पाच मिनिटं.

"हे काय? तुला एवढासाच वेळ?" त्याने विचारलं.

"मला पुरे. मला एकच विचारायचंय," ती म्हणाली आणि तिने स्वतःचा काटा चालू केला. "मी जाऊ की नको, ते विचारत नाहीये. ते मी बघेन. तुला काय हवंय, ते सांग. तुला स्वतःला." आणि तिने खटका दाबला.

त्याचा काटा चालू झाला. उत्तर जिभेवर होतं. 'मी येतोय तुझ्याबरोबर.' एवढंच तर बोलायचं होतं. पण काटा टिकटिकायला लागला आणि इतक्या वर्षांचं वळण हातात आलं. साधी, अंगाशी न येणारी खेळी आधी, मोठी खेळी शेवटी.

"तुझं तू ठरव," तो म्हणाला. "माझी काही हरकत नाही." आणि त्याने खटका दाबला.

या एका वाक्यासाठी पुढे त्याने स्वतःला किती शिव्या घातल्या त्याला गणती नाही. पण त्या क्षणी तो निवांत होता. आता ती बोलेल, चिडेल, कदाचित रडेलही, आणि मग आपण सांगू.

ती बोललीच नाही. टेबलावर हाताची घडी घालून ती त्याच्याकडे बघत बसली आणि तिचा काटा चालत राहिला. पहिल्यांदा त्याला ही तिची काहीतरी चाल वाटली. मग अस्वस्थ वाटू लागलं. "बोल ना," तो म्हणाला. तिने मान हलवली. बाहेर कुणीतरी मोटार धूत होतं, नळीतलं पाणी पत्र्यावर पडल्याचा आवाज येत होता. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून एकदाही हलली नाही. अगदी शेवटपर्यंत ती वाट बघत होती, हे त्याला नंतर कळलं.

झेंडी पडली.

तिने नियमाप्रमाणे आपला खटका दाबला. "संपलं माझं," ती म्हणाली आणि उठून आतल्या खोलीत गेली.

त्याचा काटा चालू झाला. जवळजवळ अख्खा अर्धा तास होता. ती पाणी प्यायला गेली असेल, आत्ता येऊन समोर बसेल, मग सुरुवात करू, असं म्हणून तो खुर्चीत सावरून बसला. सुरुवात दुकानापासून करावी की घरापासून, याचाही त्याने विचार केला.

आतून तिचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती.

"हो सर, ठरलं. येते मी... नाही, एकटीच. एक खोली पुरे होईल मला."

समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, तो मोठ्याने म्हणाला, "मी पण येतोय."

आतलं बोलणं थांबलं. फोन ठेवल्याचा आवाज झाला, आणि ती दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते. "काही म्हणालास का?"

आता एकच वाक्य, तेच, पुन्हा एकदा म्हणायचं होतं. पण आता ते म्हटलं तर तिला वाटणार, फोन झाल्यावर बोलतोय, दया म्हणून बोलतोय. आणि ती नको म्हणाली तर? एक खोली पुरे, असं तिनेच सांगितलंय. दोन दिवसांत बोलू निवांत. जायला अजून अवकाश आहे.

"कधीपासून जायचंय, ते विचारत होतो," तो म्हणाला.

"एक तारखेपासून."

"बरं."

ती तशीच उभी राहिली. "आणखी काही?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं. वेळ भरपूर होता.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."