उतारावरच्या कुंड्या

देवनहळ्ळीजवळच्या एका रिसॉर्टमध्ये शिक्षकांचं संमेलन भरवायचं काम संहिताकडे होतं, आणि सत्कारमूर्ती होत्या अनुसूयाअक्का. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या, आता चाकाच्या खुर्चीत. फोनवर त्यांनी एकच अट घातली होती. "मला कुणी उचलायचं नाही. तेवढं जमत असेल तरच येते." संहिताने बेधडक शब्द दिला.

शब्द द्यायला काय जातंय! स्टेजवर खुर्ची चढावी म्हणून तिने सुताराकडून लाकडी उतारही करून घेतला. पण तो कुणासाठी, हे सजावटवाल्या विठोजीअण्णांना सांगितलंच नाही. अक्कांच्या पायांची चर्चा मांडववाल्यांत कशाला, म्हणून. भारीच नाजूक मन बाईसाहेबांचं!

अक्का व्हाइटफील्डहून आल्या त्याच दीड तास उशिरा. टॅक्सीच्या डिकीत गॅसची टाकी, म्हणून खुर्ची टपावर दोरीने बांधलेली. संहिता माफी मागत त्यांना सभागृहात घेऊन गेली आणि स्टेजपाशी येऊन थबकली. अख्ख्या उतारावर आडव्या पट्ट्या ठोकून शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या.

"उघडी फळी पाहुण्यांपुढे ठेवत नाही आम्ही, धंद्यात बरं दिसत नाही ते," विठोजीअण्णा गोंधळून म्हणाले. "स्वल्प थांबा. अर्ध्या तासात काढतो."

अर्धा तास आणायचा कुठून? प्रमुख पाहुण्यांना विमान गाठायचं होतं. ते घड्याळाकडे बघत होते, आयोजक संहिताकडे. तिने अक्कांकडे न बघता चार वेटरना खूण केली. खुर्ची उचलली, एका बाजूला कलली. अक्कांनी घाबरून दोन्ही हातांनी दांडे धरले, पदर खांद्यावरून घसरला, आणि फोटोवाल्याने नेमकं तेच टिपलं.

शाल झाली, नारळ झाला. माईक पुढे केला तेव्हा अक्कांनी नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं. टाळ्या तर काय विचारू नका!

मग सगळे जेवायला गेले. संहिता स्टेजवर आली. "अक्का, चुकलं माझं. उतरवायला वेटरना बोलावू?"

"नको. कुंड्या काढा. तोवर बसते मी."

रिकाम्या सभागृहात त्या एकट्याच वर बसून राहिल्या. संहिता विठोजीअण्णांच्या शेजारी बसून खिळे उपसू लागली. बोटं सोलवटली. बरंच झालं, असं तिला वाटलं. शेवटची पट्टी निघाली तशी ती पाण्याची बाटली घेऊन वर गेली.

"घ्या ना अक्का. आल्यापासून घोटभरही घेतलं नाहीत."

"इथल्या संडासाचं दार मोजलंयस?"

संहिताने मोजलं नव्हतं.

"मी आल्याआल्या बघितलं. खुर्ची आत जात नाही," अक्का म्हणाल्या. "बाटली ठेव बाजूला आणि टॅक्सी बोलाव."

व्हाइटफील्ड तिथून दोन तासांवर होतं.