हवेचा वास

कॉम्प्रेसरच्या मिस्त्रीने हवेच्या नळीचा कॉक उघडला, झोतापुढे पांढरं फडकं धरलं आणि मग ते नाकाशी नेलं. मागे मॅनेजर, बिअर बनवणारा ब्रूमास्टर आणि टाक्या धुणारी बाई उभी होती. ती मिस्त्रीची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर त्यानेच तिला या बिअरच्या कारखान्यात चिकटवून दिलं होतं.

सकाळी सात नंबरची अख्खी टाकी गटारात सोडावी लागली होती. बिअरवर फेस धरत नव्हता, चवही गेली होती. यीस्ट नीट वाढावं म्हणून टाकीत कॉम्प्रेसरची हवा सोडतात. ती कोरडी आणि निर्मळ लागते; कॉम्प्रेसरचं तेल वाटेतल्या फिल्टरने अडवायचं असतं. हवेतून तेल गेलं असेल तर दोष मिस्त्रीचा, टाकीत साबण राहिला असेल तर धुणारीचा. दोघांपैकी एकाला आज घरी बसावं लागेल, हे मॅनेजरने स्पष्टच सांगितलं होतं.

वीस वर्षं कारखान्याने मिस्त्रीच्या नाकावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. पण थंडीतल्या तापानंतर त्याला करपलेल्या दुधाचाही वास येईनासा झाला. भीतीपोटी तो गप्प राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज फडकं हुंगायचं आणि वहीत ‘स्वच्छ’ लिहायचं, असं चाललं होतं.

आताही त्याला काही कळलं नाही.

“स्वच्छ आहे,” तो म्हणाला.

ब्रूमास्टरने फडक्यासाठी हात पुढे केला, पण बहिणीने ते आधी घेतलं. तिलाही आपली बाजू सावरायची होतीच. तिने फडकं हुंगलं, पुन्हा एकदा हुंगलं आणि भावाकडे पाहिलं. त्याची मान खाली होती.

तिने फडकं साबणाच्या बादलीत बुडवलं.

“दादा म्हणतो ते बरोबर आहे. घाई झाली माझी. साबण राहिला असेल.”

मॅनेजरने तिला दुपारी ऑफिसात सही करून जायला सांगितलं आणि दोघे साहेब निघून गेले. मिस्त्रीला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्याचीच इतकी लाज वाटली की बहिणीकडे पाहवेना.

ती गमबूट काढायला बसली.

“कधीपासून येत नाही वास?”

“थंडीपासून.”

“वहिनीला सांगितलंस?”

“नाही.” तो घुटमळला. “मी आत्ता जाऊन खरं काय ते सांगतो त्यांना.”

ती थांबली. तो जागचा हलला नाही.

“फिल्टर तेवढा आजच बदल,” ती दुसरा बूट ओढत म्हणाली. “माझ्या जागी जी येईल, ती काही तुझी बहीण नसेल.”