दुसऱ्यांदा रक्त

ताप अंगावर काढण्यात घड्याळजींचा हात कुणी धरू शकलं नसतं. लेक सासरी, परगावी; बायको गेल्यापासून घरात त्यांची विचारपूस करणारं कुणी उरलं नव्हतं. आधी लघवीला जळजळ, मग हुडहुडी. शेवटी भिंत धरून चालायची वेळ आली, तेव्हा कुठे ते इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आले.

"सोबत कोण आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीच!"

त्या हसल्या. रक्त घेतलं, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू झालं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना त्यांची सून चमच्याने पाणी पाजत होती. घड्याळजींनी कूस बदलली.

काही वेळाने नर्स पुन्हा सुई घेऊन आली, तसे ते उखडले. "आत्ताच दिलं की! मी काय विहीर आहे, येता-जाता उपसायला? ठणठणीत आहे मी. सोडा घरी!"

"घरी कोण वाट बघतंय, काका?"

प्रश्न साधाच होता. घड्याळजींनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

डॉक्टरीणबाई जवळ येऊन बसल्या. "काका, तुम्ही घड्याळं दुरुस्त करता ना? मग घड्याळ मागे पडतंय, हे एकदा बघून सांगता येतं?"

"छे! वेळ लावायची आणि नंतर पुन्हा बघायचं."

"मग रक्ताचंही तसंच. जंतुसंसर्गाशी झगडताना शरीर स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतं, त्याला सेप्सिस म्हणतात. त्यात रक्तातलं लॅक्टेट नावाचं रसायन वाढतं, कधी कधी रक्तदाब घसरण्याआधीच. तुमचं मघाशी किंचितच वाढलेलं होतं. आता ते उतरतंय की चढतंय, ते बघायला हवं. त्या आजोबांची सून मला सांगते, 'आज हे नेहमीसारखे बोलत नाहीत.' तुमच्याबद्दल असं सांगायला इथे कुणी नाही. निदान रक्ताला तरी बोलू द्या!"

घड्याळजींनी हात पुढे केला.

लॅक्टेट दुपटीने वाढलं होतं! रक्तदाब ठीक, बोलणं खणखणीत, आणि आतून माणूस ढासळत होता! लगेच सोनोग्राफी झाली. मूत्रनलिकेत खडा अडकला होता. नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी केली, अतिदक्षता विभागात ठेवलं, तेव्हा कुठे ताप हटला.

तिथून बाहेर आल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, बरे आहात ना?"

"नव्हतो गं," ते म्हणाले. "येतेस का?"

मित्रहो, पहिली तपासणी फक्त त्या घटकेचं सांगते. आजार कुठे निघालाय, ते दुसरी सांगते. डॉक्टरांनी पुन्हा रक्त मागितलं, तर हात आखडता घेऊ नका. आणि शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर त्याला इस्पितळात एकट्याने जाऊ देऊ नका.