चुकीचा पिन

धवलभाईंनी अलकापुरीतलं शेअर दलालीचं ऑफिस बंद करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त वाईट भास्कररावांना वाटलं. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचे शेअर धवलभाईंच्याच हातून घेतले-विकले जात. सकाळी फोन करायचा, "धवलभाई, केम छो?" म्हणायचं, दोघांच्या गुडघ्यांची चौकशी व्हायची आणि मग कुठे शेअरचा विषय निघायचा. आता धवलभाई मुलीकडे सुरतेला राहायला निघाले होते.

"आता सगळं मोबाईलवरच होतं," निरोप घ्यायला आले तेव्हा ते म्हणाले. "माझ्यावाचून तुमचं काही अडणार नाही."

"मोबाईल गुडघ्याचं विचारतो का?" भास्करराव म्हणाले. धवलभाई हसले.

कारेलीबागेतल्या फ्लॅटमध्ये भास्करराव, त्यांची बायको पद्मा, मुलगा आणि सून वैष्णवी राहत. वैष्णवीने सासऱ्यांच्या फोनवर शेअर खरेदी-विक्रीचं ॲप घालून दिलं आणि खातंही उघडून दिलं. भास्कररावांनी ते चष्मा वर करून, चष्मा खाली करून बघितलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"बाबा, कोट्यवधी लोक वापरतात हे."

"कोट्यवधी लोक तंबाखूही खातात."

मग तिने ॲपला मिळालेले चांगले शेरे वाचून दाखवले. भास्कररावांना ते शेरे देणारं कोणीच माहीत नव्हतं. टीव्हीवरच्या जाहिरातीत एक हसरा माणूस एका बोटाने शेअर घेताना दिसायचा. त्याला बघून तर त्यांचा संशय वाढलाच. "इतकं हसण्यासारखं काय आहे त्यात?" ते पद्माबाईंना विचारत.

असे काही आठवडे गेले. शेवटी एका रविवारी वैष्णवीने ॲपचं नाव काढायचं सोडून वेगळंच विचारलं. "बाबा, रिफायनरीत नवीन यंत्र बसवलं की तुम्ही त्याच्यावर भरवसा कधी टाकायचात?"

या प्रश्नावर भास्करराव सरसावून बसले. आयुष्यभर त्यांनी दाब आणि तापमान मोजणारी उपकरणं सांभाळली होती. "नीट चालतंय म्हणून कधीच नाही," ते म्हणाले. "नीट तर सगळंच चालतं. काही चुकलं, की ते वेळेवर बंद पडतं का, हे आम्ही मुद्दाम चुकवून बघायचो. बंद पडलं तर पास."

"मग हेही बघा की चुकवून."

भास्कररावांनी पालथा फोन सुलटा केला. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते खिडकीपाशी बसले आणि पिन विचारल्यावर शांतपणे चुकीचा पिन टाकला. मग आणखी एक चुकीचा. पुन्हा एक. थोड्याच वेळात ॲपने खातं बंद केल्याचं कळवलं.

"पद्मा, अगं बघ, मला बाहेर काढलं याने," ते हाक मारून म्हणाले. आवाजात इतका आनंद होता, की पद्माबाईंना वाटलं काहीतरी मोठा फायदा झाला.

वैष्णवीने मात्र कपाळाला हात लावला. आता कंपनीच्या मदत केंद्राला फोन करणं आलं. फोनवरची मुलगी हिंदीत गोड बोलत होती. भास्कररावांनी तिला सांगितलं, की मीच भास्करराव आहे, कारेलीबागेत कोणालाही विचारा, आणि खातं तेवढं उघडून द्या.

"सॉरी सर, मी तुमच्या सांगण्यावरून उघडू शकत नाही," ती म्हणाली. "तुमच्या नोंदवलेल्या नंबरावर ओटीपी येईल, तो तुम्हीच ॲपमध्ये टाका."

"मी तो तुम्हालाच सांगतो. तुम्ही टाका."

"नको सर. मलासुद्धा सांगू नका. कोणालाच सांगू नका."

भास्कररावांनी फोन स्पीकरवरच ठेवला होता. त्यांनी वैष्णवीकडे बघून भुवया उंचावल्या. अशी शिस्त त्यांना आवडायची.

तरी अजून एक परीक्षा उरली होती. "आत जायचा दरवाजा सगळेच दाखवतात," ते म्हणाले, "बाहेर कसं पडायचं ते बघू." त्यांनी थोडेसेच पैसे खात्यात भरले, ओळखीच्या एका कंपनीचा एकच शेअर घेतला आणि तो खात्यात जमा झाल्यावर लगेच विकला. विकला तसा ॲपवर निरोप आला. पुढे शेअर जिथे ठेवलेले असतात त्या संस्थेकडूनही, ॲपच्या कंपनीला न विचारता, वेगळा एसएमएस आला. दोन्हीकडे शेअर एकच, आकडा एकच. भास्कररावांनी ते दोन निरोप पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. दोन स्वतंत्र गेज एकच दाब दाखवत असतील, तर त्यांना रिफायनरीतही शांत झोप लागायची. शेवटी पैसे बँकेत परत आले. खर्च वजा जाता एक-दोन रुपयांचा तोटाच झाला होता, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन सगळ्यांसाठी शेवउसळ आणली.

संध्याकाळी त्यांनी सुरतेला फोन लावला आणि धवलभाईंना सगळं सविस्तर सांगितलं.

"एक शेअर? तो पण तोट्यात?" धवलभाई हसू आवरत म्हणाले. "माझ्याकडे असतात तर मी करू दिलं नसतं."

"म्हणून तर तुमच्याकडे नसताना केलं," भास्करराव म्हणाले, आणि दोघांचं बोलणं मग बराच वेळ सुरतेच्या पाण्यावर आणि नातवावर चाललं. शेअर नसले तरी फोन करता येतो, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं.

आठवड्याभरात भास्करराव कमाटीबागेतल्या फिरणाऱ्या मंडळींना ॲप कसं तपासावं यावर बाकावर बसून व्याख्यानं देऊ लागले. एक दिवस घरी परतले तर पद्माबाई वैष्णवीशेजारी बसून स्वतःच्या फोनवर काहीतरी करत होत्या.

"काय चाललंय?"

"माझं खातं उघडलं," पद्माबाई म्हणाल्या. "पहिला शेअर घेतलाही."

"अगं, आधी तपासायचं नाही का सगळं? कुलूप लागतं का, पैसे परत येतात का?"

"अहो, तुम्ही तपासलंत ना सगळं? मग मी पुन्हा कशाला तपासू?"

भास्करराव खुर्ची ओढून शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "कुठला घेतलास?"

"तुम्ही इतकी वर्षं नको नको म्हणत होतात तो," पद्माबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.