लाल तेल

लखमीरच्या ट्रकमध्ये पोलिसालासुद्धा बूट घालून चढता येत नसे. हे मी फुशारकी म्हणून नाही, वैतागून सांगते आहे. ॲरिझोनाच्या सीमेवर एकदा एका तपासनिसाला आत डोकावायचं होतं. या गृहस्थाने दाराच्या कप्प्यातून निळे कागदी मोजे काढले, ऑपरेशनवाले डॉक्टर बुटांवर चढवतात तसले, आणि अदबीने त्याच्यापुढे धरले. तो धिप्पाड गोरा हसत हसत ते चढवून आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "माझ्या बायकोने हा ट्रक पाहिला तर मला घरातून हाकलून देईल." लखमीर ही गोष्ट लंगरमध्ये, लग्नात, अगदी मयतीलाही सांगायचा.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण इथल्या दवाखान्यांच्या खिडक्यांवर ते इतक्यांदा घ्यावं लागलं की माझी लाज मोडली. लखमीर सिंग गिल. फ्रेस्नोच्या बाजूला कर्मन गावात आमचं घर, आणि गावाबाहेरच्या यार्डात त्याचा ट्रक. आयुष्य त्या ट्रकमध्येच गेलं. घरी येई तो पाहुण्यासारखा.

समोरच्या काचेखाली आमच्या गुरूंची, बाबाजींची तसबीर, म्हणून आत जोडा नाही, असं तो सगळ्यांना सांगे. तसबिरीपुढे जोडा नको हे कुणालाही पटतं, त्यामुळे कुणी पुढे विचारत नसे. मी मात्र त्याला ओळखून होते. हा माणूस मुळात धुळीचा वैरी. शनिवारी सकाळी बाकीचे ड्रायव्हर यार्डात चहा पीत एकमेकांची उणीदुणी काढत बसत आणि हा आपला ट्रकमध्ये शिरलेला. आधी छत. मग एसीच्या जाळ्या रंगाच्या ब्रशने. काचा व्हिनेगरच्या पाण्याने. कप ठेवायच्या खाचा जुन्या टूथब्रशने. पेडल पितळी तारांच्या ब्रशने घासून अशी चकचकीत करायचा की त्यात दात बघावेत. आणि सगळ्यात शेवटी गालिचा. दुधाच्या रंगाचा गालिचा, ट्रकमध्ये! आमच्या बैठकीच्या खोलीतला मातकट रंगाचा आहे, कारण मला धुणं कळतं.

"पाजी, तुम्ही या ट्रकमध्ये माल भरता की नवरी बसवता?" मेकॅनिक अमरीक त्याला विचारायचा.

"तुझ्या ट्रकमध्ये तर म्हैससुद्धा बसायची नाही," लखमीर म्हणायचा. "ती म्हणेल, आधी झाडून घ्या."

त्याला साखर होतीच. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर एस्पिनोझाने त्याचे पाय तपासले. नायलॉनचा एक ताठ दोरा घेतला आणि म्हणाली, डोळे मिटा, टोचला की 'हो' म्हणा. लखमीर मोठ्या तोऱ्यात 'हो', 'हो' म्हणत गेला. तो 'हो' म्हणत होता तेव्हा तिचा हात हवेत होता. आणि ती तळव्यात दोरा वाकेपर्यंत दाबत होती तेव्हा हा गप्प. मी समोर खुर्चीत बसून पाहत होते.

"मिस्टर गिल, तुमच्या पायांना आता काही कळत नाही," ती म्हणाली. "लागलं तर पाय सांगणार नाही, तुम्हाला डोळ्यांनी बघावं लागेल. घरातसुद्धा जोड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. रोज तळवे तपासायचे. जखम चिघळली तर पाय जाईल. आणि पाय गेला तर ट्रकचं काय, ते मी सांगायला नको."

तिने रुंद, जाड तळाचे काळे जोडे लिहून दिले. लखमीरने ते घरात घातले, बागेत घातले, दुकानात घातले. ट्रकच्या पायरीशी आला की काढले.

"ट्रकमध्ये का नाही?" मी विचारलं.

"ट्रकमध्ये मला काय लागणार आहे? तिथे कण नाही धुळीचा."

"सगळा दिवस तिथेच जातो तुमचा."

"घरात घालतो ना? आता काय झोपताना घालू?"

"घाला. मला चालेल."

"तुला चालेल गं, भागवाने. पलंगपोस कोण धुणार?"

असा हा. हसवून वेळ मारून न्यायची त्याची जुनी खोड. मी गुरुद्वाऱ्यात जाऊन तिथे पाठ करणाऱ्या भाईसाहेबांना गाठलं, सगळं सांगितलं. त्यांनी भला माणूस म्हणून लगेच फोन लावला. "वीरजी, तसबीर वरच्या कप्प्यात ठेवा आणि खुशाल जोडे घाला. गुरूला तुमचे पाय हवेत, नुसते मोजे नकोत." लखमीर "सत वचन, सत वचन" म्हणाला. तसबीर वर नेली, खाली नवा रुमाल अंथरला, हात जोडले. आणि गाडी हाकली ती मोज्यांवरच.

मग मी तसल्याच जोड्यांचा दुसरा जोड आणला. फक्त ट्रकसाठी, जमिनीला न लागलेला. तो त्याने खोक्यासकट झोपायच्या फळीखाली सारला. काळा तळ आहे, गालिच्यावर उमटेल, म्हणाला. शेवटी मी हात टेकले आणि एक लांब दांड्याचा आरसा घेऊन दिला. निदान रोज संध्याकाळी तळवे बघा, म्हटलं. बघेन, म्हणाला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला.

माणूस इतका प्रेमळ आणि इतका अडेलतट्टू एकाच वेळी कसा असतो, हे मला अजून कळलेलं नाही.

जानेवारीत तो संत्री घेऊन न्यू जर्सीला गेला. जाताना रोज फोन. परतीच्या वाटेवर नेब्रास्कामधून फोन आला तो वैतागलेला.

"कुठून तरी तेल गळतंय. लाल. पेडलपाशी गालिच्याला लागलंय."

"इंजिनाचं?"

"इंजिनाचं काळं असतं. हे स्टिअरिंगचं असणार. पुसतो, तासाभराने पुन्हा आहेच."

दुसऱ्या दिवशी वायोमिंगमधून. रात्री गालिचा धुतला, हीटरवर वाळवला, सकाळी घातला, दुपारी पुन्हा डाग. त्याच्या आवाजात असं दुःख होतं, जणू घरी कुणी आजारी आहे. मी म्हटलं, चालवायला धोका नाही ना? अमरीकला विचारलंय, म्हणाला. अमरीक म्हणतो, स्टिअरिंगचं तेल लालच असतं, त्याचा दांडा पेडलजवळूनच खाली जातो, सावकाश या, बघू.

"आणि पाय? बघता ना आरशात?"

"बघतो गं. आरसा फार कामाचा निघाला."

मला बरं वाटलं. मला खरंच बरं वाटलं होतं.

शनिवारी सकाळी मी पराठे घेऊन यार्डात गेले. ट्रकची दोन्ही दारं उघडी होती. व्हिनेगरचा वास लांबपर्यंत येत होता. धुतलेला गालिचा बाहेरच्या आरशावर वाळत टाकलेला. पलीकडच्या दाराने अमरीक आत शिरून, मान वाकडी करून, बॅटरीच्या उजेडात पेडलच्या वर काहीतरी शोधत होता. त्याचे बूट अर्थातच खाली, पायरीशी नीट जोडून ठेवलेले. आणि त्याच्या हातात मी दिलेला लांब दांड्याचा आरसा.

"पाजी, इथे सगळं कोरडं ठणठणीत आहे," अमरीक आतून म्हणाला. "सील कोरडं, पाइप कोरडा. एक थेंब नाही."

"मग हे काय आहे? भुताटकी?"

लखमीर अलीकडच्या दाराने सीटवर गुडघे टेकून आत वाकला होता. एका हाताने फडक्याने खालचं रबर पुसत होता आणि अमरीकला दाखवत होता, हे बघ, हा डाग, हे बघ, अजून ओला. त्याचे पाय दाराबाहेर लोंबत होते. ट्रकचं दार उंच, मी खाली उभी. त्याचे तळवे बरोबर माझ्या तोंडासमोर आले.

काळे मोजे. डावा कोरडा होता. उजवा ओला होता, अंगठ्याच्या खाली कातडीला चिकटून बसलेला, आणि तिथून पायरीवर एक थेंब पडला.

पराठ्यांचा डबा माझ्या हातातून सुटला. मी बोट लावलं. मग जोरात दाबलं. तो तेलाबद्दल बोलतच राहिला. माझं बोट त्याच्या पायात रुतलं होतं आणि तो अमरीकला म्हणत होता, क्लचची बाजू बघ.

"अमरीक," मी म्हटलं, "बाहेर ये. तेल सापडलं."

तो पाच राज्यं स्वतःचं रक्त पुसत आला होता. मी रडले नाही, मला संताप आला. इतका, की मोजा काढताना मी त्याला शिव्या देत होते, माझ्या आईने ऐकल्या असत्या तर तिने तोंडात मारली असती. मोज्याबरोबर जे निघालं त्याबद्दल मी लिहिणार नाही. व्हिनेगरच्या वासाने तो वास झाकून ठेवला होता, एवढंच.

लखमीर आपल्या पायाकडे बघत राहिला. "पण दुखत नाही," तो म्हणाला. अमरीकने तोंड फिरवलं.

फ्रेस्नोच्या इस्पितळात त्याच दिवशी जखम उघडून साफ केली. आधी सगळे म्हणाले, बघू, औषध चालू आहे, कदाचित बोटं काढून भागेल. लखमीर पलंगावर बसून ओल्या रुमालांची पाकिटं मागून घ्यायचा आणि पलंगाचे दांडे, जेवणाचं टेबल, टीव्हीचं बटण पुसायचा. नर्सा त्याच्यावर खूश होत्या. मी गुरुद्वाऱ्यात त्याच्यासाठी प्रार्थना, अरदास करवली, घरी पाठ ठेवला, डॉक्टर एस्पिनोझाच्या पुढ्यात जाऊन बसले. तिने नुसता माझा हात धरला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सर्जन व्हिटेकर नावाचा होता, थकलेल्या डोळ्यांचा. तो एक दिवस प्लास्टिकची छोटी डबी घेऊन आला. जखमेत हे मिळालं होतं, म्हणाला. आत बोटाच्या नखाएवढी तार, जराशी वाकलेली. पिवळी. मी बघताक्षणी ओळखली. मग तो खुर्ची ओढून बसला आणि हळूहळू सांगितलं. हाड सडलंय. वर सरकतंय. उद्या सकाळी, गुडघ्याच्या खाली.

तो गेल्यावर लखमीरने डबी उजेडात धरली.

"कुणीतरी बूट घालून चढलंय," तो म्हणाला.

मी त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

"न्यू जर्सीचा तो माल उतरवणारा. मी कागद आणायला गेलो होतो, तेव्हा चढला असणार. नाहीतर अमरीक. दिवाळीत रेडिओ बसवायला आला होता, त्याच्या बुटांना कायम काहीतरी चिकटलेलं असतं. त्याला मी सोडणार नाही."

अमरीक रोज कामावरून थेट इस्पितळात येऊन बाहेरच्या बाकावर बसत होता. आत यायचं धाडस होत नव्हतं त्याला, तेल शोधत बसलो याची शरम वाटत होती. मी ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण अमरीकचं नाव आलं आणि मला राहवलं नाही.

"तुमच्या ब्रशची तार आहे ती. पेडल घासता त्या."

त्याने डबी टेबलावर ठेवली.

"नाही," तो म्हणाला. "ब्रश मी बाहेर झटकतो. प्रत्येक वेळी. दाराबाहेर हात काढून झटकतो. मग व्हॅक्यूम फिरवतो, मग फडकं. तार राहीलच कशी? तू सांग, कशी राहील?"

इतकी वर्षं तो घासत आला, पुसत आला, आणि त्यातून हे निघालं. डावा पायही तितकाच बहिरा आहे, हे मला माहीत होतं. ट्रकला गिऱ्हाईक बघायला लागेल, हेही. मला फक्त त्याला घरी न्यायचं होतं, होता तसा, अडेलतट्टू, दोन पायांचा, आणि तेवढं सोडून बाकी सगळं होण्यासारखं होतं.

सकाळी व्हिटेकर आला. पायावरची चादर बाजूला केली, जांभळ्या शाईचं पेन काढलं आणि गुडघ्याच्या खाली, पोटरीच्या वर, नडगीवर आडवी रेघ मारली. बाजूला आपली सही केली. चुकीचा पाय नको जायला म्हणून असं करतात, त्याने समजावलं. लखमीर मान डोलावत होता, माल उतरवायच्या जागेचा पत्ता ऐकून घ्यावा तसा. व्हिटेकर हात धुवायला गेला.

लखमीरने टेबलावरचा ओला रुमाल उचलला, घडी केली, आणि ती रेघ पुसायला लागला. त्याच्या मनात काही नव्हतं, मी शपथेवर सांगते. डाग दिसला, हात गेला. अर्धी रेघ पुसट झाली तेव्हा त्याला समजलं तो काय करतो आहे, आणि तरी त्याचा हात थांबला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरा रुमाल काढला आणि सहीच्या बाजूने पुसू लागले.

व्हिटेकर परत आला, दारात क्षणभर उभा राहिला. त्याने पेन काढलं आणि तीच रेघ पुन्हा मारली, आधीपेक्षा जाड.