भिंतीपलीकडचा कापूस

दिग्रसला कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या गल्लीत उकंडा ढोलेचं तीन खोल्यांचं घर होतं. दिवाळीनंतर मधल्या खोलीची फरशी काळी पडू लागली. आधी भिंतीकडचा एक कोपरा ओला दिसला. मग सांध्यांतून पांढरा खार वर आला. पुढे पाय ठेवला की फरशी खडखडू लागली. असं आपल्या सगळ्यांच्याच घरात कधी ना कधी होतं, आणि आपण आधी काय करतो? त्यावर काहीतरी अंथरतो. उकंडानं सतरंजी अंथरली.

ती विमलची, त्याच्या बायकोची खोली होती. शेवटचं वर्षभर तिची खाट त्या भिंतीला लागून होती. तिचे गुडघे धरले होते. पाण्यासाठी तिला अंगणात जावं लागू नये म्हणून उकंडानं छतावरच्या टाकीचा नळ फरशीखालून थेट न्हाणीत नेला होता. पोळ्याच्या आधी विमल गेली. खाट उचलून त्या जागी दिवा ठेवला. तेरवी झाली, पाहुणे गेले, पण दिवा तिथंच राहिला. रोज तेल घालायचं, वात सारायची आणि दार ओढून घ्यायचं, एवढंच त्याचं त्या खोलीत काम उरलं. एकट्या माणसाला पाणी ते किती लागणार? तरी टाकी लवकर रिकामी व्हायची. तो पुन्हा भरायचा. विचार करायचा नाही.

नेरहून मुलगी आली, उज्ज्वला. तिनं सतरंजी उचलली आणि तिला कुबट वास आला.

"बाबा, खालून नळ फुटला असन. फरशी उचलून पाहा ना."

"राहू दे."

"अख्खं घर वलं होईन."

"माह्यं घर हाय. होऊ दे वलं. तुह्या मायनं जिथं जीव सोडला, तिथं मी सब्बल मारू काय?"

जाताना उज्ज्वलानं सतरंजी पुन्हा होती तशी अंथरली.

उकंडाचं काम जिनिंगात माल पाहायचं होतं. कापसाची गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा आणि माल वाळला आहे, दमट आहे की ओला, ते सांगायचं. त्याच्या हाताला कोणी फसवू शकत नसे. त्या वर्षांत कापसाचे भाव असे पडले होते की माल विकायला काढावासा वाटत नसे. ज्याच्या घरात जागा, तो घरातच कापूस भरून ठेवी. माणसं ओसरीत कापसाच्या किड्यांनी अंग खाजवत झोपत आणि कापूस आत राही. बंजारा तांड्यावरून गावात राहायला आलेल्या शेजारच्या खेमसिंग राठोडनंही आपल्या घरची आतली खोली कापसानं भरली होती. त्याचं आणि उकंडाचं घर एका भिंतीचं. खेमसिंगची बायको धुरपताबाई विमलची जिवाभावाची मैत्रीण. विमल गेल्यापासून उकंडाची संध्याकाळची भाकर तिच्याच चुलीवरून येई.

संक्रांतीनंतर भाव जरासा चढला. खेमसिंगनं पहाटेच गाडी भरली आणि बैल जुंपून जिनिंगात आणली. उकंडानं नेहमीप्रमाणे हात घातला. वरचा माल चांगला होता. हात खोल गेला आणि थांबला. त्यानं मूठभर कापूस बाहेर काढला. पिवळा पडलेला, ओला, कुबट वासाचा.

"खेमसिंग, पाणी मारलं काय रे?"

आजूबाजूचे लोक वळले. मारोती हमाल हसत म्हणाला, "वजनच वाढवाचं होतं त मले सांगाचं. मीच बसलो असतो ना गाडीत."

हशा झाला. खेमसिंगचा चेहरा उतरला. "भाऊ, लाइन नव्हती. अंधारात भरला माल. हे वलं कुठून आलं, मले खरंच समजून नाई राह्यलं."

"तांड्यावाल्यायचं हे नेहमीचंच," जिनिंगचा शेठ आपल्या खुर्चीतून म्हणाला.

उकंडाला वाटलं, यावर काहीतरी बोलावं. खेमसिंगला तो वीस-बावीस वर्षं ओळखत होता. पण हातात ओला कापूस होता, आणि हात खोटं सांगत नाही असं तो आयुष्यभर म्हणत आला होता.

"गाडी वापस ने," तो म्हणाला.

"भाऊ, तुम्हीसुद्धा?" खेमसिंगनं एवढंच विचारलं आणि बैल वळवले.

त्या संध्याकाळी भाकर येणार नाही असं उकंडानं धरलं होतं. पण दिवेलागणीला धुरपताबाई ताट घेऊन दारात उभी राहिली. ताट तिनं ओट्यावर ठेवलं.

"जेवाच्या आधी माह्या घरात चाला."

"वैनी, ते जिनिंगातलं काम होतं. माह्या हाती काही..."

"चाला म्हणलं ना."

तिनं त्याला आतल्या खोलीत नेलं. कापूस बाजूला ओढला होता. सामाईक भिंत पायापासून मांडीपर्यंत ओली होती. खालच्या फरश्या फुगून वर आल्या होत्या आणि त्यांच्या फटींतून काळी चिकट माती बाहेर आली होती. खेमसिंग कोपऱ्यात बसून ओला कापूस वेगळा करत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"लावा हात," धुरपताबाई म्हणाली. "तुमचा हात वलं बरोबर वयखते. मंग सांगा, हे पाणी कोणं मारलं?"

उकंडानं भिंतीला हात लावला. पलीकडे विमलची खोली होती, सतरंजी होती, दिवा होता. भरभर रिकामी होणारी टाकी त्याला आठवली.

"मले मालूम होतं फरशी वली हाय म्हणून," तो म्हणाला. "पण तिथं तिचा जीव गेला, वैनी. ती जागा मी फोडू कशी?"

"फरशीवर कुठं गेला तिचा जीव? माह्या मांडीवर गेला. तुम्ही जिनिंगात पाळीवर होते. तुम्ही कधी इचारलं नाई, म्हणून मी सांगतलं नाई."

मग उकंडानं विचारलं, "काय म्हणे ती?"

"म्हणे, धुरपता, यायले भाकर देत जाय. एकटे जेवत नाई ते." धुरपताबाईनं पदरानं डोळे पुसले, पण तिचा आवाज नरमला नाही. "भाऊ, दुःख तुमचं हाय, कोणी नाई म्हणत नाई. पण दुःखावर सतरंजी टाकून बसलं की ते खालून चालत जाते. माणूस म्हणते, माह्यं घर हाय. पाण्याले काय मालूम तुमचं घर कुठं सरते? आज ते आमच्या वर्षभराच्या मेहनतीत शिरलं. अन् चोर कोण झालं? आमी. आमच्या लोकायले चोर म्हणायले कोणाले पुरावा लागत नाई. पण तुम्ही त शेजारी होते."

उकंडानं घरी जाऊन टाकीचा नळ बंद केला. दिवा उचलून देवळीत ठेवला. ताटातली भाकर त्यानं खाल्ली, कारण ती विमलनं सांगून ठेवलेली होती.

सकाळी त्यानं स्वतः सब्बल मारून फरशी उचलली. नळाचा जोड निसटला होता आणि त्याखालची काळी माती फुगून कणकेसारखी झाली होती. मग तो जिनिंगात गेला. आदल्या दिवशी जिथं गाडी उभी होती तिथंच उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खेमसिंगनं पाणी मारलं नाई. पाणी माह्या घरचं होतं. मले मालूम असून मी झाकून ठेवलं होतं. चूक माही, अन् बोल त्याले लागला."

मारोती हमाल ढिगावरून खाली उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला. शेठ म्हणाला, "पाणी कोणाचंही असो, वला माल वलाच." मग काम सुरू झालं.

खेमसिंगचा भिंतीकडचा कापूस उकिरड्यात गेला. उरलेला वाळवून पडत्या भावानं विकला. भाव वाट पाहत थांबला नव्हता. उकंडा माफी मागायला गेला तेव्हा खेमसिंगनं फक्त बसायला पोतं सरकवलं. होळीपर्यंत तो त्याच्याशी कामापुरतंच बोलला. भाकर मात्र एक दिवसही चुकली नाही. उन्हाळ्यात दोन्ही घरांखालची काळी माती काढून मुरूम भरला, तेव्हा दोघं एकाच घमेल्याला हात लावत होते. अजूनही फार बोलत नव्हते.

वाचकहो, ओल नेहमी आपल्याच घरात सुरू होते, आणि आपण ती झाकली की शेजाऱ्याच्या घरात निघते. पाण्याचं असं आहे, दुःखाचंही असंच आहे. मेलेल्या माणसाची आठवण दगडात जपता येत नाही. ती जपायची तर त्याच्या माघारी जे आपल्याला जेवू घालतात, त्यांची लाज राखावी लागते. म्हणून दुसऱ्याच्या मालात हात घालून त्याला चोर ठरवण्याआधी प्रत्येकानं एकदा आपल्या पायाखालची फरशी उचलून पाहावी. उकंडानं ती उचलली, पण उशिरा. उशिरा उचलल्यावर फरशी पुन्हा बसते. कापूस पुन्हा पांढरा होत नाही.